स्केट्सना लावलेलं कुंकू

दसऱ्याच्या दिवशी मी माझ्या मुलीच्या आईस हॉकीच्या स्केट्सना कुंकू लावलं, इथपर्यंत काही चुकलं नव्हतं. चुकलं ते पुढे. कुंकू मी पाण्यात चांगलं पातळ कालवून थेट पोलादी पात्यांवर लावलं. पूजा झाल्यावर, पात्यांना काही होऊ नये म्हणून, त्यांच्यावर प्लास्टिकची कव्हरं घट्ट चढवली आणि स्केट्स बॅगेत ठेवून दिले. मी इंजिनिअर माणूस. लोखंड, पाणी आणि बंद जागा एकत्र आल्या की काय होतं, हे मला शाळेत शिकवलेलं आहे आणि त्यावर मला पैकीच्या पैकी मार्कही मिळालेले आहेत.

रविवारी सकाळी कव्हरं काढली तर पात्यांच्या कडेला तांबूस ठिपके. आधी वाटलं, कुंकूच असेल. नखाने खरवडलं, निघेना. मुलगी आंघोळीला गेली होती, बायको डबा भरत होती, थोड्या वेळात निघायचं होतं. मग मी सिंकखालची तारेची घासणी काढली आणि कुकरचा तळ घासावा तसे ते स्केट्स खसाखसा घासून काढले. ठिपके गेले. पाती चांदीच्या ताम्हनासारखी लखलखायला लागली. स्केटच्या पात्याला खाली दोन बारीक कडा असतात, खेळणाऱ्याचा सगळा जीव त्या दोन कडांवर असतो, हे मुलगी लहानपणापासून मला सांगत आलेली आहे. घासणी धुऊन जागेवर ठेवताना मला ते आठवलं.

आणि त्याच दिवशी तिची ट्रायल होती.

ट्रायल म्हणजे असं, की म्युनिकबाहेरच्या एका लहान गावातल्या महिला संघाने तिला एका सरावाच्या सामन्यात खेळून दाखवायला बोलावलं होतं. पटली तर घेतील, नाही तर नाही. फार मोठा संघ नव्हता. मुली दिवसा दवाखान्यात, बँकेत, शाळेत नोकऱ्या करायच्या आणि संध्याकाळी बर्फावर यायच्या. पण त्याआधी दोन मोठ्या संघांनी तिचे डॉक्टरी रिपोर्ट बघूनच नम्रपणे नाही म्हटलं होतं. जर्मन माणूस नम्रपणे नाही म्हणाला की त्यात परत विचारायला जागा नसते. तेव्हा आता हेच एक दार उरलं होतं. इथे जमलं तर ती खेळाडू, नाही तर तेवीस वर्षांची माजी खेळाडू. आमच्या घरात हे कुणी बोलून दाखवत नव्हतं, म्हणून तर मी दसऱ्याला एवढा जोर लावला.

एरवी आमचा दसरा आटोपशीर असतो. माझा लॅपटॉप, बायकोचं शिलाई मशीन, मिक्सर, आणि गाडीच्या जागी गाडीची किल्ली. गाडी खाली टीफगाराजमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगमध्ये असते आणि तिथे उदबत्ती लावली तर अख्ख्या इमारतीचा फायर अलार्म वाजेल. आपटा इथे नाही. आमच्या रस्त्याच्या कडेला गिंकोची झाडं आहेत, त्यांचं पान दोन पाकळ्यांचं असतं आणि ऑक्टोबरात आपसूक पिवळंधमक होतं. तेच आम्ही सोनं म्हणून वाटतो. यंदा मी स्केट्स ठेवले, काठी ठेवली, काठीच्या टोकाला गुंडाळलेल्या पांढऱ्या पट्टीवर कुंकवाचं बोट ओढलं. मुलगी दारात उभी राहून बघत होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. एवढं सगळं त्या काठीला कळणार आहे का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, काठीला नाही कळलं तरी समोरच्या टीमला दिसेल. ती हसली. त्या महिन्यात ती हसली असं मला आठवतं ते तेवढंच.

हा खेळ आमच्या घरात शिरला तो अपघाताने. बालवाडीतल्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला ती बर्फावर गेली आणि परत यायलाच तयार होईना. बाकीची मुलं पुढे जायला शिकत होती, ही आधी मागे जायला शिकली. का, ते तिलाही सांगता येत नाही. मुलांच्या संघात घेतलं तेव्हा प्रशिक्षकाने ते हेरलं आणि तिला मागच्या फळीत, बचावात टाकलं. डिफेन्समन. समोरचा चालून येतो, आपण त्याच्यावरची नजर न हटवता उलटं उलटं सरकत जायचं आणि त्याला आपल्या गोलपाशी पोचू द्यायचं नाही.

मी मनातून खट्टू झालो. आमच्या गल्लीत क्रिकेट खेळताना ज्याला कुठेच ठेवता येत नसे त्याला लांब बाऊंड्रीवर उभं करत. तिथे मी बरीच वर्षं काढलेली आहेत. मला वाटलं, घराण्याची परंपरा पुढे चालू झाली.

माझे सासरे पुण्याहून दर रविवारी फोन करतात. ते दर वेळी एकच विचारायचे, "नातीने किती मारले?" मी म्हणायचो, "अहो अप्पा, ती मारत नाही, ती मारू देत नाही." त्यावर ते जरा थांबायचे आणि "बरं, पुढच्या वेळी मारेल," असं म्हणून मलाच धीर द्यायचे.

खरं म्हणजे मलाही कळायला तिला अमेरिकेत कॉलेजला जावं लागलं. तिकडच्या एका कॉलेजच्या संघाने तिला घेतलं, चार वर्षं ती तिथे खेळली. सामन्यांचं रेकॉर्डिंग यायचं आणि शनिवार-रविवारी नाश्त्याला पोहे घेऊन आम्ही ते बघायचो. तो रबराचा काळा चकता, पक, मला कधी दिसायचाच नाही. शेवटी बायको म्हणाली, पक सोडून दे, नुसती आपली मुलगी बघ. तेव्हापासून मी नुसती मुलगी बघायला लागलो, आणि हळूहळू मला एक गोष्ट दिसली. मैदानाच्या तिच्या बाजूला काहीच घडत नसे. दुसऱ्या बाजूला आरडाओरडा, धडपड, गोल. तिच्या बाजूने कुणी आलं की येता येताच त्याचा रस्ता अरुंद होत जायचा. ही धक्का देत नसे की घाई करत नसे. नुसती उलटी सरकत सरकत त्या मुलीला कडेच्या भिंतीकडे नेऊन सोडायची, पाहुण्याला दारापर्यंत पोचवावं तशी. मग काठी हलकेच आत घालून पक काढून घ्यायची. समालोचक तिचं नाव फार घेत नसे. पण दुसऱ्या वर्षी त्यांच्या गटातली सर्वांत चांगली डिफेन्समन म्हणून तिला निवडलं, तिसऱ्या वर्षीही. तिकडे मुलींनाही डिफेन्समनच म्हणतात.

मी ऑफिसात पेढे वाटले. दुधाच्या पावडरीचे, घरी केलेले. जर्मन सहकाऱ्यांनी विचारलं, किती गोल केले? मी म्हटलं, आल्झो, म्हणजे, तसं नसतं ते. आणि कॉफीच्या मशीनपाशी उभा राहून, जन्मात एकदाही बर्फावर पाय न ठेवलेला मी, त्यांना बचाव म्हणजे काय ते समजावून सांगू लागलो. लोक आपापले कप घेऊन पांगले.

खुब्याचं दुखणं तिसऱ्या वर्षाच्या शेवटी सुरू झालं. फोनवर विचारलं की ती म्हणायची, "गेट शोन." म्हणजे चालतंय. आमच्या घरात हे दोन शब्द सगळ्याला लागू असतात, म्हणून आम्हीही ते धरून चाललो. तिकडेच ऑपरेशन झालं. चौथं वर्ष ती पट्ट्या बांधून अर्धंमुर्धं खेळली. त्या वर्षीच्या रेकॉर्डिंगमध्ये मी तिला बाकावर बसलेली बघायचो. हेल्मेट मांडीवर, नजर बर्फावर, आणि एक हात सारखा डाव्या खुब्यावर.

उन्हाळ्यात ती परत आली. इथल्या ऑर्थोपेडने फोटो बघितले, तिला चालायला लावलं, पाय वळवून बघितला, आणि पडद्यावर खुब्याची खोबण दाखवत म्हणाला की आतली गादी झिजली आहे, ती परत येत नाही. या खुब्याचं वय साधारण तुमच्याएवढं आहे, असं तो माझ्याकडे बघून म्हणाला. मी विचारलं, माझा खुबा तर ठणठणीत आहे, त्याचा काही उपयोग होईल का? तो हसला नाही. मुलगी जमिनीकडे बघत होती. तिने एकच प्रश्न विचारला, की उलटं सरकताना वळायला जमेल का. तो म्हणाला, प्रयत्न करून बघा, पण मी तुमच्या जागी असतो तर केला नसता.

तर ही ट्रायल म्हणजे तो प्रयत्न.

गाडीत मी घासणीचं काही बोललो नाही. सांगावं तर ऐन वेळी तिच्या डोक्यात किडा सोडल्यासारखं होईल, आणि न सांगावं तर... रस्ताभर मी त्या "तर"पाशी अडकलो होतो. बायको मागे डबा मांडीवर घेऊन बसली होती. दोन्हीकडे मक्याची कापलेली शेतं, धुकं. मुलगी कानात गाणी लावून डोळे मिटून होती.

हॉलमध्ये आत शिरलं की नाकात तो ओळखीचा वास बसतो, ओल्या रबराचा, थंडीचा आणि तळलेल्या बटाट्यांचा. आम्ही लाकडी बाकांवर बसलो. आमच्याशिवाय दोन-चार आईबाप होते, त्यांनी मान हलवून "मॉर्गेन" म्हटलं. मुली बर्फावर आल्या. आमची कुठली ते ओळखायला मला कधी आकडा लागला नाही, पण त्या दिवशी तर पांढऱ्या पट्टीवरचं कुंकवाचं बोट लांबूनही दिसत होतं.

सुरुवात इतकी छान झाली की मी घासणी विसरलो. पहिल्या भागात तिच्या बाजूला पुन्हा काहीच घडेना. प्रशिक्षक बाई काचेपाशी उभ्या होत्या, त्यांनी शेजारच्या बाईंना कोपराने खुणावून काहीतरी दाखवलं. मी बायकोकडे बघितलं. तिने डब्याचं झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं.

दुसऱ्या भागात समोरची एक उंच मुलगी वेगाने आली. आमची उलटी सरकायला लागली, नेहमीसारखी. ती मुलगी अचानक डावीकडे वळली. अशा वेळी डिफेन्समनने उलटं जाता जाताच कमरेतून दार उघडावं तसं वळायचं असतं आणि सरळ धावायला लागायचं असतं. चार वर्षं मी हे पोहे खाताना बघितलं होतं, एका श्वासात व्हायचं ते. इथे ते अर्धं झालं. वरचं अंग वळलं, डावा पाय वळलाच नाही. ती बसली. पडली असंही म्हणता येणार नाही, हळूच बर्फावर बसली. उंच मुलगी तिच्या शेजारून निघून गेली आणि गोल झाला.

त्या दिवशी पहिल्यांदाच तिच्या बाजूला काहीतरी घडलं.

मी उठलो. बायकोने बाही धरली, ती सोडवून मी पायऱ्या उतरत खाली गेलो आणि काचेवर थापा मारत प्रशिक्षक बाईंना म्हणायला लागलो की स्केट्सची धार गेली आहे, मी घासली आहे, भांड्याच्या घासणीने, धार लावून द्या, मुलगी ठीक आहे. घाईत माझं जर्मन कसं होतं कोण जाणे. त्या बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग मागे बर्फाकडे. त्यांना माझं कळलं नाही असं मला तेव्हा वाटलं. आता वाटतं, कळलं होतं. त्या म्हणाल्या, "बसून घ्या, प्लीज." मी बसून घेतलं.

ती अजून दोनदा आत आली. एकदा निभावलं. एकदा नाही. तिसऱ्या भागात ती बाकावरच होती, हेल्मेट मांडीवर.

परतताना मी गाडी सुरू केली आणि लगेच बोलून टाकलं. कुंकू, कव्हरं, गंज, घासणी, सगळं. म्हटलं, धारच नव्हती पायाखाली, कुणीही घसरलं असतं, आपण त्यांना सांगू, पुढच्या रविवारी परत बोलावतील. मी बोलत होतो आणि बोलता बोलता मला बरं वाटत चाललं होतं. एवढी ढळढळीत चूक आणि ती माझी, यापेक्षा चांगलं काय हवं होतं?

मुलगी म्हणाली, तिथे पोचल्यावर तिने आधी स्केट्स धार लावायला दिले होते. प्रत्येक सामन्याआधी देतेच. घासलेलं तिला दिसलं होतं, तिला वाटलं आईने केलं असेल.

मी म्हटलं, मग त्यांनी धार नीट लावली नसेल. गावातलं मशीन, काय भरवसा?

त्यावर ती मराठीत बोलली. जर्मन शब्द न घालता तिने एवढं सलग मराठी बोलल्याला किती दिवस झाले असतील मला आठवत नाही. "बाबा, धार चांगली होती. तुझी चूक नाहीये. पाय वळत नाही."

आयुष्यात माझ्या पुष्कळ चुका लोकांनी पोटात घातल्या आहेत. पण चूक माझी नाही म्हटल्यावर एवढं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

मग तिने बाकीचं सांगितलं, जर्मनमध्ये, खिडकीबाहेर बघत. तिसऱ्या भागात बाई तिला पाठवत होत्या. तिनेच नको म्हटलं. बाई म्हणाल्या, तुझं डोकं अजून या सगळ्यांच्या पुढे आहे, लहान मुलांना शिकवशील का? तिने त्यालाही नको म्हटलं. मी विचारलं, का गं? ती म्हणाली, त्यांना उलटं सरकून दाखवावं लागेल. बायकोने मागून डबा पुढे केला, थालीपीठ होतं. कुणी घेतलं नाही.

त्यानंतर काही झालं नाही. हेच सांगायचं आहे, की काही झालं नाही. ती दुपारी उठते. एका ऑफिसात तिला अर्धवेळ काम मिळालंय, जाते, येते. बायकोने पुढच्या शिक्षणाचं विचारून बघितलं, मी फिजिओथेरपीचं. आम्हाला दोघांनाही "गेट शोन" मिळालं. मी तिला जुनी रेकॉर्डिंगं लावू का विचारलं, तर ती खोलीतून उठून गेली. आता मी ती एकटा असताना लावतो आणि पायरव आला की ऑफिसची मीटिंग लावतो.

अप्पांना सांगणं माझ्यावर आलं. म्हटलं, "अहो अप्पा, ती आता खेळत नाही. खुबा गेला." ते नेहमीसारखे थांबले, पण या वेळी जास्त. मग म्हणाले, "तरी मी म्हणत होतो, मुलीला पुढे खेळवा. मागे उभं राहून सगळं अंगावर घ्यावं लागतं." मला त्यांना समजावून सांगता आलं असतं की खुब्याचं कारण ते नाही. मी सांगितलं नाही. बचावाबद्दल त्यांना कळलेलं हे पहिलंच वाक्य होतं, आणि ते अगदीच चूक नव्हतं.

राहता राहिली बॅग. आईस हॉकीची बॅग म्हणजे काय, हे ज्याच्या घरात ती नाही त्याला सांगता येत नाही. मोठं माणूस झोपेल एवढी, आणि आत घामात भिजलेले पॅड, ग्लोव्हज, जे कधीही पूर्ण वाळत नाहीत. तो वास पडद्यात जातो, भातात जातो. मुलीच्या शाळेच्या दिवसांत वरच्या मजल्यावरच्या बाई आमच्याकडे काही मेलं आहे का असं विचारायला आल्या होत्या. मी बॅगेत कापूर ठेवून बघितला, कडुनिंबाचा पाला ठेवून बघितला, एकदा धूप दाखवला. बाल्कनीत ठेवली तर घामाचा बर्फ व्हायचा आणि आत आणली की दुप्पट वास. दारातून आत येताना मी रोज नाक दाबून एक वाक्य म्हणायचो, ते इथे लिहीत नाही. कॉलेजच्या सुट्टीत ती घरी आली आहे हे आम्हाला जिन्यातच कळायचं.

ट्रायलनंतर ती बॅग दाराशीच पडून होती. मुलगी तिला वळसा घालून जायची. ख्रिसमसच्या आधी, एका शनिवारी, मुलगी कामावर गेली असताना मी ठरवलं की आता ही खाली केलरमध्ये, तळघरातल्या आमच्या अडगळीत, नेऊन ठेवावी. उचलायच्या आधी बायको म्हणाली, थांब, ओलं काही राहिलं असेल तर बुरशी येईल, बघू दे. ती खाली बसली, चेन उघडली, एकेक वस्तू काढून पालथ्या हाताने चाचपून बघितली. ग्लोव्हज, खांद्याचे पॅड, नडग्यांचे पॅड. स्केट्स काढले तर एका स्केटच्या लेसमध्ये गिंकोचं पान होतं, दसऱ्याला मीच खोचलेलं, चुरा झालेलं. तिने ते फुंकून टाकलं आणि सगळं परत जसंच्या तसं आत लावलं. मी सवयीने नाकावर हात धरून उभा होतो.

तिने चेन लावली, तरी तिथेच बसून राहिली. मी विचारलं, काय गं, ओलं आहे का?

ती म्हणाली, "नाही रे. सगळं वाळलंय. वाससुद्धा गेला."